जेवणानंतरचं सेशन

आमच्या कचेरीत दुपारची जेवणं झाली की कॉम्प्युटर थांबतात. बंद पडत नाहीत, थांबतात. हा फरक साहेबांना समजावता समजावता माझ्या डोक्यावरचं रान विरळ झालंय. बंद पडलेल्या कॉम्प्युटरचा पडदा काळा होतो. आमचे पडदे छान उजळ असतात आणि मधोमध एक छोटं चक्र गोल गोल फिरत असतं. त्या चक्राकडे बघता बघता सगळ्या कचेरीच्या पापण्या जड होतात. वर पंखा फिरतो, समोर चक्र फिरतं, खिडकीतलं ऊन टेबलावरून सरकत सरकत टाचण्यांच्या डबीपर्यंत येतं. जावक कारकुनाची मान छातीवर टेकते. मग केव्हातरी, कुणी हाक मारल्यासारखं, सगळं एकदम सुरू होतं आणि जो तो डोळे चोळत आपल्या खुर्चीत सावरून बसतो.

आमचं खातं हरवलेल्या वस्तूंचं. बसमध्ये कुणी काही विसरलं की ते आमच्याकडे जमा होतं. छत्र्या, चष्मे, जेवणाचे डबे, एकाच पायातले बूट आणि कवळ्या. माणूस बसमध्ये चढताना दात असतात आणि उतरताना नसतात, हे त्याच्या लक्षात कसं येत नाही, हा प्रश्न मी फार वर्षं विचारून सोडून दिलाय. वस्तू आली की डेटाबेसात तिची नोंद होते, मालक आला की नोंद बघून वस्तू दिली जाते, आणि वर्षभर कुणी चौकशीला फिरकलंच नाही की ती मोडीत निघते. या सगळ्यावर देखरेख करणारा संगणक कक्ष म्हणजे मी. कक्षाचा प्रमुख नव्हे, कक्षच. मला ताप आला की कक्ष बंद असतो.

हा कक्ष मागच्या जिन्याने वर, गोदामाच्या माळ्यावर आहे. पूर्वी खालून वस्तू दोरीने वर ओढायचे, त्यासाठी जमिनीत एक चौकोन ठेवलेला होता. आता त्यावर लोखंडी जाळी बसवली आहे. तिच्यातून खालच्या काउंटरवरचे आवाज वर येतात, पण गाळून येतात. शब्द खालीच राहतात आणि नुसता सूर तेवढा वर पोचतो. दुपारी चक्र फिरायला लागलं की त्या जाळीतून मला रेडिओ ऐकू यायचा. जुना, खरखरणारा, मधेच गाणं सोडून समुद्रासारखा घों घों करणारा. कचेरीत रेडिओ कुठला? तेव्हा मी समजायचो की आपला डोळा लागला. आणि लागलेलाच असायचा. मी लहान असायचो, आई ओट्याशी पाठमोरी असायची, बाबा रेडिओशी खटपट करत असायचे. आमच्या रेडिओचं एक बटण तुटलेलं होतं. त्या जागी मी टूथपेस्टच्या नळीचं झाकण बसवलं होतं. ते सैल पडायचं, म्हणून दाताने चेपून घट्ट केलं होतं. बाबा ते फिरवत म्हणायचे, ‘आमच्या इंजिनियरचं काम!’ एवढं ऐकून मी जागा व्हायचो, तर समोर चक्र थांबलेलं असायचं.

हे असंच चाललं असतं. कुणाची काही तक्रार नव्हती. पण वरून एक समिती पाहणीला येणार असल्याचं पत्र आलं आणि साहेबांनी मला बोलावलं.

“दुपारी नक्की काय होतं?” साहेब म्हणाले.

“सर, थांबतं.”

“का थांबतं? कोण थांबवतं? मला नाव पाहिजे. समितीसमोर चक्र फिरलं, तर ज्याच्यामुळे फिरतंय तो जाईल गोदामात. आणि तो सापडला नाही, तर संगणक कक्ष गोदामात विलीन होईल.”

‘विलीन’ हा शब्द ऐकायला किती सुंदर आहे! गोदामात विलीन म्हणजे उरलेली नोकरी कवळ्यांच्या सहवासात. मी तिथल्या तिथे छाती काढून सांगितलं, “सर, मी ट्रेस लावतो. प्रत्येक सेशनचा माग काढतो.” साहेबांना यातलं काही कळलं नाही, त्यामुळे ते प्रसन्न झाले.

घरी जेवताना मी ही कामगिरी जाहीर केली. सेशन म्हणजे काय, हेही समजावलं. माणूस लॉगिन करून आत शिरतो, तिथून बाहेर पडेपर्यंत आत जे काही करतो, ते सगळं त्याचं सेशन. कुणी चार नोंदी चाळतो, कुणी एखादी बदलतो, कुणी नुसताच बसून राहतो.

“म्हणजे पाहुणे येतात तसं,” बायको म्हणाली.

मला हे फारच घरगुती वाटलं, पण याहून बरं मलाही सुचेना.

“आणि तुम्ही दाराआडून बघणार, कोण काय करतंय ते. म्हणजे पाळत ठेवणार.”

“पाळत नव्हे. ट्रेस.”

“बरं, ट्रेस. जरा घरातही लावा एकदा. बाबांचा रेडिओ दुरुस्तीला दिलाय, तो अजून आलेला नाही. बाबा रोज भर दुपारी कुठे फिरायला जातात, विचारलं तर सांगत नाहीत. तुम्ही तरी विचारा.”

“बघतो,” मी म्हणालो.

बाबा समोरच बसले होते. त्यांनी ताटातला घास उगाच इकडचा तिकडे केला. “दुपारीच का रे थांबतं ते?”

“तेच तर शोधायचंय, बाबा.”

“दुपारी माणसाने जरा टेकावं. कॉम्प्युटरनेही टेकलं तर काय बिघडलं?” ते म्हणाले. मग जरा थांबून, “सापडला की सांग हं मला, कोण आहे तो.”

“बघतो,” मी म्हणालो आणि विचार करत हात धुवायला उठलो.

गॅलरीत शेजारच्या बिऱ्हाडातले काका उभेच होते. काका विजेचे मीटर तपासून निवृत्त झालेले. त्यामुळे लोक आपापल्या घरात काय लपवतात याची माहिती फक्त आपल्यालाच आहे, असं त्यांचं मत. त्यांनी भिंतीतून सगळं ऐकलं होतं. ते लपवण्याचा त्यांनी प्रयत्नही केला नाही.

“सोप्पं आहे,” काका म्हणाले. “दारात पीठ भुरभुरवायचं. जो येईल त्याची पावलं उमटतात.”

“काका, हा डेटाबेस आहे.”

“मग डेटाबेसच्या दारात भुरभुरवा. दार असेलच ना त्याला? आम्ही मीटरला केस चिकटवायचो. उघडला की तुटलाच!”

मी हसून वेळ मारून नेली. पण खरं सांगायचं तर मी जे करणार होतो, ते पीठच होतं. फक्त ते दळून मिळायला मला तीन खात्यांची परवानगी लागणार होती.

ही परवानगी हे एक स्वतंत्र पुराण आहे. आस्थापना विभागाचं म्हणणं पडलं की कर्मचाऱ्यांवर लक्ष ठेवायचं तर त्यांना लेखी कळवलं पाहिजे. तेव्हा मी एक परिपत्रक काढलं: ‘उद्यापासून आपल्या कामकाजावर गुप्तपणे लक्ष ठेवण्यात येईल. वाचून सही करावी.’ सगळ्यांनी सह्या केल्या. जावक कारकुनाने सहीखाली ‘गुप्तता पाळीन’ असंही लिहिलं. फक्त काउंटरवरच्या ताईंनी ते पूर्ण वाचलं. या ताई आमच्या कचेरीत सर्वांत जुन्या. रडत आलेल्या माणसाला आधी खुर्ची, मग पाणी आणि मग प्रश्न, हा त्यांचा क्रम. मला जेव्हा जेव्हा टाचणी, गोळी किंवा धीर लागला, तेव्हा तेव्हा ताईंच्या खणात तो निघालेला आहे.

“माझंही सगळं दिसणार तुम्हाला वर?” ताईंनी विचारलं.

“कोण कुठली नोंद उघडतं आणि काय लिहितं, तेवढंच दिसेल. तुम्ही कशाला काळजी करताय? तुमचं काय असणार!”

ताईंनी एकदा माझ्याकडे बघितलं. मग सही त्यांनी फार सावकाश केली.

दुसऱ्या दिवशी मी ट्रेस लावला. दिवसभर तो भरभरून वाहत होता. अहवाल आपोआप तयार झाला आणि उत्साहाच्या भरात तो न वाचताच मी साहेबांच्या टेबलावर ठेवला. ही माझी चूक. साहेबांनी तो भर बैठकीत मोठ्याने वाचला.

“इथे लिहिलंय की कचेरीत सर्वांत जास्त गडबड एकच माणूस करतोय. दिवसभर क्षणाक्षणाला तो एकच प्रश्न विचारतोय: ‘आत कोण आहे आणि काय करतंय? आत कोण आहे आणि काय करतंय?’ कोण आहे हा वेडा?”

तो मी होतो. माग काढण्यासाठी मला डेटाबेसात शिरावं लागतं, आणि शिरलो की माझंही सेशन होतं. ट्रेसने इमानदारीने माझाच माग काढला होता. बैठकीत कुणी हसलं नाही. सगळ्यांनी खाली मान घालून चहा प्यायला आणि चहा सगळ्यांच्याच नाकात गेला. जिना चढताना मला वाटलं, आपण आपल्याच मागे मागे चाललोय. खिडकीपाशी ऊन होतं, मी त्यात बराच वेळ नुसता बसून राहिलो. अपमानानंतर ऊन बरं वाटतं.

मग मी स्वतःला वगळलं आणि ट्रेसला सांगितलं, बाकीच्यांचं सगळं लिहून ठेव. त्याने सगळं म्हणजे सगळं लिहिलं. लिहून लिहून सर्व्हरची जागा संपली आणि दुपारी थांबणारी कचेरी सकाळीच थांबली. काउंटरवर लोकांची रांग लागली. एक गृहस्थ हरवलेली छत्री मागायला आले होते. वाट बघता बघता ते हातातली पिशवीही तिथेच विसरून गेले. तिची नोंद करायला पुन्हा मीच. त्या दिवसापासून कचेरीत माझं नाव ‘गुप्तहेर’ पडलं.

मला हळूहळू एक गोष्ट जाणवायला लागली होती. या कामात मला मदत करावी असं कुणालाच वाटत नव्हतं. मी कुणाच्या टेबलाशी गेलो की बोलणी थांबायची. शेवटी जावक कारकुनानेच तोंड उघडलं.

“तुम्हाला काय त्रास आहे हो? दुपारी ते चक्र फिरतं, तेवढीच जिवाला शांतता. घरी कुणी डोळा लागू देत नाही, सकाळी बसमध्ये उभं राहायला जागा नाही. दिवसभरात तेवढी एक डुलकी आमची, आणि तुम्ही निघालात तिचा शोध लावायला!”

मला राग आला, कारण ते खरं होतं. मीही त्या डुलकीचा लाभार्थी होतो. पण माझ्या मानेवर ‘विलीन’ टांगलेलं होतं.

पुढचा अडथळा आला तो नावांचा. आता ट्रेस नीट चालत होता, पण त्यात सगळीकडे एकच नाव दिसत होतं: ‘काउंटर’. सगळी कचेरी एकाच नावाने लॉगिन करत होती. पासवर्ड कुणी विसरू नये म्हणून तो कागदावर लिहून प्रत्येक पडद्याच्या कडेला चिकटवलेला होता. रांगेतल्या लोकांनाही तो पाठ होता. म्हणजे काकांच्या भाषेत, पिठात पावलं उमटली होती, पण सगळ्यांनी एकच चप्पल घातली होती.

मग मी प्रत्येकाला वेगळं नाव द्यायचं ठरवलं, आणि बारशाला होत नाहीत एवढी भांडणं झाली. साहेबांचं नाव यादीत सर्वांत वर हवं होतं; ते वर आणण्यासाठी मला त्याआधी एक शून्य लावावं लागलं, तर ते त्यांना लागलं. एकीला नाव छोटं हवं होतं, एकाला हुद्द्यासकट हवं होतं. जावक कारकुनाने शांतपणे आपल्यासाठी ‘गुप्तहेर’ हे नाव मागितलं. नियमात नाही म्हणायला जागा नव्हती. दोन दिवसांनी साहेब मला बोलावून म्हणाले, “गुप्तहेर सारखा कवळ्यांच्या नोंदी उघडून बघतोय. तुम्हाला लागलीय का? लाजू नका, सांगा.”

ताईंनी मात्र काही खळखळ केली नाही. “मला सगळे ताईच म्हणतात. तेच लिहा,” म्हणाल्या.

आणि अखेर तो दिवस आला. समिती दुसऱ्या दिवशी यायची होती. जेवणं झाली. आदल्या दुपारींसारखा डोळा लागू नये म्हणून मी तोंडावर गार पाणी मारलं, खुर्चीतली उशी काढून ठेवली आणि खिडकीचा पडदा ओढला. तरी फटीतून एक उन्हाची रेघ आत आलीच. थोड्या वेळाने चक्र फिरायला लागलं. खालच्या खुर्च्या एकेक करून कुरकुरल्या आणि मग शांत झाल्या. मी पडद्यावर बघितलं. सगळी सेशनं एकामागे एक उभी होती आणि वाट बघत होती.

ही गोष्ट कशी असते, सांगतो. लहानपणी आमच्याकडे पाहुणे आले की सकाळी न्हाणीघराबाहेर रांग लागायची. प्रत्येक जण पुढच्यावर चिडायचा, पण दोष रांगेतल्या कुणाचाच नसायचा. दोष आत कडी लावून बसलेल्या मामाचा. आणि मामा आत काय करायचा? काही नाही. तो बादलीकडे बघत बसलेला असायचा. डेटाबेसातही तसंच होतं. नोंद बदलायला कुणी आत शिरलं की आतून कडी लागते. ज्या कंत्राटदाराने आमचा प्रोग्राम केला, त्याने तर अशी कडी केली होती की एक नोंद उघडली की सगळं गोदामच अडायचं. तेव्हा मला शोधायचा होता तो काम करणारा माणूस नव्हता. आत शिरून काहीही न करणारा माणूस शोधायचा होता.

रांगेच्या पार तोंडाशी एक सेशन होतं. एक नोंद ‘बदल करा’ म्हणून उघडलेली, आणि पुढे काही नाही. नाव होतं: ताई.

मी चष्मा पुसून पुन्हा बघितलं. ताईच. आता ही गोष्ट साहेबांना सांगायची म्हणजे ताईंना गोदामात धाडायचं, निवृत्तीच्या तोंडावर. आणि नाही सांगायची, तर मी आहेच. एका ओळीत ते सेशन तोडता येतं. ओळ मी लिहूनही ठेवली होती. पण बोट पुढे जाईना. ताई एवढं कुठल्या वस्तूला धरून बसल्यात, ते तरी बघू, म्हणून मी ती नोंद उघडली.

ट्रेसमध्ये मागे मागे गेलो. रोज जेवणानंतर तीच नोंद उघडलेली. कचेरीचा नियमच होता की दावेदार वस्तूसमोर बसून ओळख पटवत असेल तोवर नोंद बंद करायची नाही. उठताना शेऱ्यात एक ओळ: ‘दावेदारांना खात्री वाटत नाही. पुन्हा येणार.’ दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशीही तेच. कोण हा एवढा चोखंदळ माणूस? मी वस्तूचं वर्णन वाचलं.

‘रेडिओ, जुना, लाकडी. चालू स्थितीत, खरखर आहे. एक बटण नाही. त्या जागी टूथपेस्टचं झाकण.’

त्याच वेळी पायाखालच्या जाळीतून गाणं वर आलं. खरखरत, मधेच घों घों करत. मी झोपेत नव्हतो. चेहरा अजून ओला होता.

मागच्या जिन्याने न जाता मी पहिल्यांदाच पुढच्या जिन्याने खाली उतरलो. कचेरी डुलत होती. जावक कारकून दोन्ही हातांवर गाल ठेवून बाळासारखा झोपला होता. उन्हात धुळीचे कण संथपणे तरंगत होते आणि सगळ्या पडद्यांवर चक्रं फिरत होती. काउंटरपाशी रडत येणाऱ्या लोकांसाठी ठेवलेली खुर्ची आहे, तीत बाबा बसले होते. डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवलेली. मधे काउंटरवर आमचा रेडिओ. ताई हनुवटीखाली हात ठेवून ऐकत होत्या. मी छत्र्यांच्या घोडीआड थबकलो.

“आज काय म्हणाला मुलगा?” ताईंनी विचारलं.

“आज ‘बघतो’ म्हणाला.”

“परवाही बघतोच म्हणाला होता ना, आजोबा?”

“हो. पण आज जरा मान वर करून म्हणाला,” बाबा म्हणाले. “बिचाऱ्याच्या मागे फार काम आहे हो. दुपारी कुणीतरी सगळं अडवून धरतंय म्हणे, त्याला शोधतोय. सापडला पाहिजे तो. तुम्ही काही सांगू नका हं त्याला, मी येतो म्हणून. त्याला उगाच वाटेल, म्हातारा कचेरीत येऊन बसतो.”

“नाही सांगत. पण आजोबा, रेडिओ तुमचाच आहे. दुरुस्तीला नेताना बसमध्ये राहिला, तुम्हीच म्हणालात. खरखरत का होईना, वाजतोयसुद्धा. घेऊन जा की घरी.”

“घरी नेला की संपलं,” बाबा म्हणाले. “मग दुपारी मी कुठे जाऊ? इथे बरं वाटतं. तुम्ही विचारपूस करता. आणि तो वर आहे, हे माहीत असतं.”

छत्रीच्या दांड्याला धरून मी उभा राहिलो, तर सगळी घोडीच धाडकन आडवी झाली. कारकून ‘आवक! आवक!’ म्हणत दचकून उठला. ताई उभ्या राहिल्या. बाबाही उठले. शाळेत पकडल्या गेलेल्या पोरासारखं त्यांनी घाईघाईने टोपी घातली, ती उलटी.

“अरे, तू खाली कसा?” बाबा म्हणाले. “मी आपला सहज… इकडून जात होतो. हा रेडिओ बघ, अगदी आपल्यासारखा दिसतो. पण खात्री नाही वाटत. झाकणाचा रंग जरा…”

ताई माझ्याकडे बघत होत्या. परिपत्रकावर सही करताना बघितलं होतं तसंच. त्यांना सगळं माहीत होतं आणि पुढचं त्यांनी माझ्यावर सोडलं होतं.

मी रेडिओ जवळ ओढला. झाकणावरून बोट फिरवलं. कडेला माझ्या वाकड्या दाताची खूण जशीच्या तशी होती. ‘हा आमचाच’ एवढं म्हटलं की काम संपत होतं. बाबा सही करून रेडिओ घरी नेणार, तो फळीवर जाणार, साहेबांना चक्र फिरण्याचं कारण मिळणार, आणि मी पुन्हा ताटावरून उठताना ‘बघतो’ म्हणणार.

“मलाही नाही वाटत, बाबा,” मी म्हणालो. “आपलं झाकण जरा फिकं होतं. घाई नको करायला. उद्या बघू पुन्हा, दोघं मिळून.”

बाबांनी माझ्याकडे बघितलं. मग टोपी काढून खाली बसले आणि ती परत मांडीवर ठेवली. ताईंनी आतून आणखी एक खुर्ची आणली. मी त्यांना एवढंच सांगितलं, “ताई, ती नोंद तेवढी बंद करा. नियमाचं मी बघून घेतो. रेडिओ असू दे चालू.” ताईंनी बटण दाबलं आणि सगळ्या कचेरीतली चक्रं एकदम थांबली. लोकांना नाइलाजाने काम करावं लागलं. जावक कारकून माझ्याशी अजून बोलत नाही.

दुसऱ्या दिवशी समिती आली आणि चक्र न बघताच गेली. साहेबांनी नाव विचारलं. मी म्हटलं, “सर, दोष कुणाचा नाही, कडीचा होता. ती मी काढायला घेतलीय. एका वयस्क, किचकट दावेदाराची ओळख पटवायचं काम तेवढं मी स्वतःकडे घेतलंय. रोज जेवणानंतर खाली बसावं लागेल.” साहेब म्हणाले, “सांभाळून घ्या. हे म्हातारे फार वेळ खातात.” त्या दुपारी शेरा मी माझ्या नावाने लिहिला: ‘दावेदार व त्यांचा मुलगा, दोघांनाही खात्री वाटत नाही. पुन्हा येणार.’

परवा जेवताना बायको पुन्हा म्हणाली, “अहो, त्या रेडिओचं काय झालं? दुरुस्तीवाल्याने गिळला का काय?”

मी बाबांकडे बघितलं. बाबा शांतपणे घास चावत होते.

“वेळ लागेल म्हणतोय,” बाबा म्हणाले. “पण माणूस चांगला आहे हो. आधी नुसता बघतो बघतो म्हणायचा. हल्ली जवळ बसवून घेतो.”